सातपुड्यावर बर्फ नाही, मग पेंचला उन्हाळ्यात पाणी येतं कुठून?

निर्झरा

उत्तराखंडात पुराच्या चिखलानं गाडलेल्या धराली गावाचे व्हिडिओ ऑगस्ट २०२५ मध्ये फिरायला लागले, तेव्हा आमच्या फ्लॅट स्कीमच्या ग्रुपवर दिवसभर हळहळ चालली. संध्याकाळी कोणीतरी लिहिलं, "आपलं नागपूरच बरं. ना समुद्र, ना हिमालय." त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. तिथे वाद घालण्यात अर्थ नव्हता, म्हणून इथे धागा काढतेय.

नागपूरसुद्धा डोंगराचंच पाणी पितं, फक्त आपला डोंगर टीव्हीवर येत नाही. पेंच उगम पावते छिंदवाडा जिल्ह्यात, सातपुड्यात. कन्हानही तिथलीच. वैनगंगा सिवनीची, वर्धा मुलताईजवळची. नळाखाली बादली लावतो ते बहुतेक पाणी तोतलाडोह आणि नवेगाव खैरीत अडवलेलं पेंचचं असतं, उरलेलं कन्हानचं.

हिमालयात हिवाळ्यात पडलेला बर्फ एप्रिल ते जूनमध्ये वितळतो, म्हणजे खाली मैदानात ऐन ओढ असते तेव्हाच नदीला पाणी मिळतं. सातपुड्यातलं सगळ्यात उंच शिखर धूपगड, साडेतेराशे मीटरचं. तिथे बर्फ कुठला? तरी पावसाळा संपून कितीतरी महिने आपल्या नद्या वाहायच्या, ते पावसाळ्यात डोंगरात मुरलेल्या पाण्यावर. परासिया-जुन्नारदेवकडे वालुकाश्म आहे, बाकी बराचसा काळा पाषाण. पाणी राहतं ते त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमात. त्यावर पालापाचोळ्याचा थर. जंगलाची जमीन खसच्या ताटीसारखी भिजून राहायची आणि थेंब थेंब सोडत बसायची.

काळ्या पाषाणाचं पोट मात्र लहान. एका रात्रीत ओतलेलं पाणी तो घेत नाही, ते घसरून नाल्यात जातं. त्याला लागते झड. ज्यांचं लहानपण विदर्भात गेलं त्यांना झड सांगायला नको: श्रावणात सूर्याचं तोंड दिसत नसे, शाळेचा युनिफॉर्म सिगडीवर टोपली उपडी ठेवून वाळवायचा, भिंतीला ओल, चुलीला ओली लाकडं आणि घरभर धूर. तो पाऊस मोजायला गेलं तर दिवसाला फार नसायचा, पण डोंगरात उतरायचा.

आता पाऊस पडतच नाही असं नाही, पण त्याची तऱ्हा बदलली. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना जवळपास तिपटीने वाढल्या, आणि त्याच काळात मान्सूनचा एकूण पाऊस घटत गेला, असं हवामानशास्त्रज्ञांनी नोंदींवरून दाखवलं आहे. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. मग मधले दिवस कोरडे जातात आणि एक दिवस सगळं एकदम येतं.

माझं म्हणणं एवढंच की हिमालयाचा बर्फ चाललाय, तशी आपली झड चालली आहे, आणि हे नुकसान आपण मोजतसुद्धा नाही. तुमच्या गावचा नाला पूर्वी कधी आटायचा आणि आता कधी आटतो, ते लिहाल का?

पोहे_तर्री

जागा धरून ठेवतो. सविस्तर वाचून मग लिहीन.

कोराडीकर

ताई, धागा चांगला आहे, पण हे हवामान बदल ऐकून ऐकून कान किटले बाप्पा. २०३५ पर्यंत हिमालयातल्या हिमनद्या संपणार म्हणून सांगून ठेवलं होतं ना या लोकांनी? मी तं पाहून राहिलो, गंगा वाहूनच राहिली.

आणि २०१९ ची पाणीटंचाई आठवते का? जुलै महिन्यात नागपूरला दिवसाआड पाणी. ते काही आकाशातल्या बाष्पामुळे झालं नाही. वर चौराईला मध्य प्रदेशानं धरण बांधलं, पाणी तिथं अडलं. सरळ गोष्ट आहे. दरवेळी हवामानावर ढकललं की ज्यांनी नियोजन करायचं ते मोकळे.

डोंगरवाट

नागपूरचाच, पण नोकरीमुळे सध्या देहरादूनला. कोराडीकरांच्या पहिल्या मुद्द्यावर लिहितो.

२०३५ चा आकडा आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या) २००७ च्या अहवालात आला होता. त्याला आधार नव्हता, आणि २०१० मध्ये त्यांनी स्वतः तो मागे घेतला. पण एक आकडा चुकला म्हणून बर्फ वितळायचा थांबला नाही. काठमांडूच्या 'इसिमोड' या पर्वतांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्या २०११ ते २०२० या दशकात आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के जास्त वेगाने झिजल्या.

गंगा वाहून राहिली, आणि राहीलच. गंगेच्या एकूण पाण्यात हिमनद्यांच्या वितळीचा वाटा लहान आहे, मोठा वाटा मान्सूनचा आणि भूजलाचा. सिंधूचं गणित वेगळं, ती बर्फावर फार अवलंबून आहे. शिवाय हिमनदी वितळत असते तेव्हा काही दशकं नदीला उलट जास्त पाणी येतं. हा वाढीचा काळ या शतकाच्या मध्याच्या आसपास संपेल असा अंदाज आहे. म्हणजे आज पाणी दिसतंय म्हणून सगळं ठीक आहे, असं होत नाही.

इथे राहून मला जास्त जाणवतं ते हिमनदीचं नाही, झऱ्यांचं. डोंगरातली गावं नदीचं पाणी पीत नाहीत, नदी खाली खोल दरीत असते. ती पितात धाऱ्याचं (डोंगरातून धार धरून येणाऱ्या झऱ्याचं) आणि नौल्याचं (झऱ्यावर बांधलेल्या छोट्या कुंडाचं). पौडीकडच्या एका गावात धाऱ्याला दगडी तोंड बसवलेलं आहे, त्यातून जेमतेम करंगळीएवढी धार. खाली बरण्या आणि कॅन रांगेत, प्रत्येकावर ऑइलपेंटने घराचं नाव. बायका कॅन लावून घरी जातात, कारण भरायला लागणारा वेळ त्यांना पाठ झालेला असतो. आपला नंबर चुकवणाऱ्याशी भांडण ठरलेलं. नीती आयोगाच्या २०१८ च्या अहवालात म्हटलं आहे की हिमालयातले जवळपास निम्मे झरे आटलेत किंवा त्यांचं पाणी कमी झालंय. यात बर्फाचा संबंध थोडाच. पावसाची तऱ्हा, तुटलेली बांजची जंगलं (इथलं ओक), रस्त्यासाठी कापलेले डोंगर. निर्झराताई सातपुड्याचं जे सांगताहेत, तेच हे.

निर्झरा

@डोंगरवाट, धन्यवाद. झऱ्यांच्या बाबतीत सिक्कीमनं 'धारा विकास' नावाचं काम केलं आहे: झरा जिथे फुटतो तिथे नाही, तर त्याला पाणी देणारा भाग डोंगरात वर कुठे आहे ते भूगर्भ पाहून शोधायचं आणि तिथे चर खणायचे. काही आटलेले झरे परत वाहू लागले. आपल्याकडे अजून नाल्याच्या तोंडाशीच बंधारा बांधायची सवय आहे.

@कोराडीकर, चौराईचा मुद्दा खरा आहे. तोतलाडोहचा उपयुक्त साठा हजार दशलक्ष घनमीटरच्या थोडा वर. त्याच्या वर दुसरं धरण उभं राहिल्यावर खाली पोचणारं पाणी कमी होणारच, आणि मध्य प्रदेश आपल्या वाट्याचं वापरतो आहे, त्याला चोरी म्हणता येत नाही. पण त्याआधी २०१७ साली विदर्भात पाऊस चांगलाच तुटीचा होता. वरचं धरण आधी भरणार आणि उरलेलं खाली येणार, अशी रचना झाली की कमी पावसाच्या वर्षाचा सगळा फटका खालच्यालाच बसतो. हवामान की धरण, असं एकच निवडायची गरज काय? एकानं कमी दिलं, दुसऱ्यानं जास्त ठेवलं.

आणि पुढच्याच वर्षी काय झालं? ऑगस्ट २०२० च्या शेवटी त्याच पाणलोटात इतकं कोसळलं की तोतलाडोहाची दारं उघडावी लागली, वर सिवनीला वैनगंगेवरच्या संजय सरोवरातून विसर्ग, आणि खाली त्याच वैनगंगेवर, पेंच-कन्हानचं पाणी मिळतं तिथल्या गोसीखुर्द धरणाची ३३ च्या ३३ दारं उघडी. एका पावसाळ्यात कोरडं, पुढच्यात पूर, आणि नदी तीच.

पवनीचा_पोर

२०२० चं नाव काढलं म्हणून लिहितो. आमच्याकडे त्या दिवशी पाऊस पुरासारखा नव्हताच. म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. वैनगंगेचं पाणी मात्र चढत राहिलं. आधी धानाच्या बांध्या गेल्या, मग रस्ता, मग खालच्या मोहल्ल्यात घरात. लोकं वर आभाळाकडे पाहत होते, पाणी आलं बालाघाट-सिवनीकडून. ज्याच्या घरी धानाचे कट्टे खाली ठेवले होते त्यांचे कट्टे फुगून फुटले, आठवडाभर गावाला आंबलेल्या धानाचा वास होता.

धरणाची दारं किती वाजता, किती उघडणार हे दोन राज्यांनी एकमेकांना वेळेवर सांगायला पाहिजे, आणि ते गावातल्या कोतवालापर्यंत पोचायला पाहिजे. मोबाइलवर मेसेज आला तेव्हा आम्ही गच्चीवर होतो.

अवांतर: आमच्या भंडारा-गोंदियात जुने मालगुजारी तलाव आहेत, मामा तलाव म्हणतो आम्ही. पूर्व विदर्भात सहा हजारांच्या वर. कोहळी लोकांनी बांधलेले, एकाचा सांडवा दुसऱ्याला मिळतो. निम्मे गाळानं भरले, काहींवर अतिक्रमण. हे धड असते तर अशा एकदम पडलेल्या पाण्यातलं बरंच त्यांनी घेतलं असतं असं माझं मत.

लेआऊटवाली

पूर पाहायला पवनीला जायची गरज नाही. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट, अंबाझरीच्या खाली राहणाऱ्या कोणालाही विचारा. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, तलाव भरून वाहिला आणि नाग नदी घरात शिरली.

मी तळमजल्यावर राहते. लाइट गेले होते, पाय खाली टाकला तर पाणी. फ्रीज आडवा होऊन तरंगायला लागला आणि दाराला अडकला, त्यामुळे दार उघडेना. शेवटी वरच्या काकांनी ग्रिलमधून बाहेर काढलं. पाणी ओसरल्यावर भिंतीवर माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर काळी रेघ, आणि चिखलात पेट्रोलचा आणि गटाराचा वास. तो चिखल फरशीच्या सांध्यातून अजून निघत नाही.

नाग नदी डोंगराची नाही, शहराजवळच्या लाव्हा गावच्या टेकड्यांची, हे मला माहीत आहे. पण पाणी मुरवणारी जागा संपवली की काय होतं त्याचा नमुना म्हणून घ्या. टेकडीवर फार्महाऊस, पायथ्याला लेआऊट, नदीला दोन्हीकडून भिंत. पाणी जाणार कुठे?

पोहे_तर्री

वाचलं. मी टुल्लू पंपवाला नागपूरकर आहे, म्हणजे गुन्हेगार पक्षातला. मे महिन्यात आमच्या घरी कूलर अहोरात्र चालतात, टाकीतलं पाणी कुठे जातं ते विचारू नका. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश होतं. (३० मे २०२४ चे ते ५६ अंश खरे नव्हते, सेन्सर बिघडला होता, पण ते स्क्रीनशॉट मावशी अजून पाठवते.) प्रश्न असा की एवढ्या उन्हात तोतलाडोहसारख्या पसरट धरणातून किती वाफ होत असेल? आम्ही टाकी झाकतो, धरण कोण झाकणार?

निर्झरा

चांगला प्रश्न. मध्य भारतात उघड्या पाण्याच्या पृष्ठभागावरून वर्षाला दीड मीटरच्या वर पाण्याची वाफ होऊ शकते, आणि त्यातला बराच भाग मार्च ते जूनचा. उन्हाळा तापला की हे वाढतं. म्हणूनच डोंगराच्या पोटातलं पाणी धरणातल्या पाण्यापेक्षा मोलाचं. तिथे ऊन पोचत नाही.

वरुडचा_संत्रावाला

नमस्कार. मी लिहितो कमी, वाचतो जास्त. ताईनं विचारलं नाला कवा आटते म्हणून सांगतो.

आमच्या आजोबाच्या विहिरीले चाळीस फुटावर पाणी होतं, मोट चालायची. माझा बोअर नऊशे फूट आहे अन् तोही एप्रिलमंधी हवा मारते. वरुड-मोर्शीत घरोघरी हेच. संत्र्याचा मृगबहार घ्यायचा असला तं मृगाच्या पाण्याचा भरवसा लागते, आता मृग कोरडा जाते अन् हस्तात झोडपते. फळं गळतात. आंबिया बहार घ्यावा तं उन्हाळाभर पाणी पाहिजे. मंग बोअर. सगळेच बोअर मारून राहिले, मीही मारला, मागं कोण राहील?

आमच्या डोक्यावरच सातपुडा आहे. पायथ्याले गोटे-रेतीचा पट्टा आहे, तिथं नाला आला की पाणी गडप होते, हेच पाणी खाली विहिरींत निघत होतं. आता नाल्याले पूर येते तो दोन तासाचा. गढूळ, लाल. जमिनीत उतरायले वेळच भेटत नाही.

डोंगरवाट

@वरुडचा_संत्रावाला, तुम्ही सांगताय त्या गोट्यांच्या पट्ट्याला भूगर्भवाले बझाडा म्हणतात. अमरावतीपासून जळगावपर्यंत सातपुड्याच्या पायथ्याला तो आहे आणि पाणी मुरवायला त्याच्यासारखी जागा नाही. तापीचं पुराचं पाणी तिथे सोडायची महापुनर्भरण योजना त्याच्याच जोरावर आखली आहे. मे २०२५ मध्ये मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्यात त्यावर करार झाला.

कोराडीकर

मग बनवा ना योजना! वैनगंगेचं पाणी सव्वाचारशे किलोमीटर कालव्यानं बुलढाण्याच्या नळगंगेपर्यंत न्यायलाही मंजुरी दिली आहे. मला तं बरं वाटलं. रडत बसण्यापेक्षा पुराचं पाणी पश्चिमेकडे न्या.

पवनीचा_पोर

न्या की, पण गोसीखुर्दचं पाणी आधी आमच्या धानाला पुरं मिळू द्या. धरणासाठी गावं उठली आमची, आणि शेपटाकडच्या शेताला कालव्याचं पाणी अजून धड नाही. आणि ताईचं म्हणणं खरं असेल तर पुराचं पाणी येणार ते चार-सहा दिवसांत एकदम येणार. तेवढ्या वेळात ते उचलायला कालवा किती मोठा लागेल?

निर्झरा

@पवनीचा_पोर, नेमकं बोट ठेवलंत. नदीजोडचे हिशेब नदीत वर्षभरात सरासरी किती पाणी येतं त्यावर मांडलेले असतात. पावसाची तऱ्हा बदलते आहे म्हटल्यावर सरासरीपेक्षा पाणी किती दिवसांत येतं हे जास्त महत्त्वाचं. मी जोडप्रकल्पाच्या विरोधात नाही, पण वरचा डोंगर हिशेबात नसेल तर कालवा चार दिवस भरून वाहील आणि मग बघत बसेल.

डोंगरातली एक गोष्ट लिहायची राहिली, वणवे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. आग पसरते. सकाळी गेलं तर मोहाखाली राखाडी गोल आणि त्यावर पिवळट फुलं पडलेली, दिसायला सुरेख. जूनच्या पहिल्या पावसात ती राख आणि तिच्याखालची सुटी माती नाल्यात. त्या उतारावर पाणी मुरवणारं काही उरत नाही.

लेआऊटवाली

यावर थोडी नाराजी. गोंड-कोरकू बाई महिन्याभराच्या मोहावर घर चालवते, तिच्यावर खापर फोडणं सोपं आहे. परासियाकडच्या कोळसा खाणी, कन्हानच्या रेतीघाटांवर रात्रभर चालणारे पोकलेन, यांचं काय? नदीतली रेती पाणी धरून ठेवते. ती उपसली की पात्रात नुसते खडक आणि डबकी उरतात. पूर्वी रेतीत झिरा खणला की गोड पाणी लागायचं.

निर्झरा

मान्य, आणि रेतीचं तर शंभर टक्के. माझा रोख मोह वेचणाऱ्यांवर नव्हता. काही ठिकाणी झाडाखाली जाळी बांधून मोह वेचतात, मग पाला जाळायची गरजच राहत नाही, आणि फूल स्वच्छ मिळाल्यामुळे भावही बरा येतो. जाळीचे पैसे द्यायला हवेत, एवढंच.

पोहे_तर्री

पण मग नागपूरकरानं करायचं काय? कूलर बंद करू का?

डोंगरवाट

कूलर चालू द्या हो. पण शहर छिंदवाड्याच्या जंगलाचं पाणी वापरतं तर त्या जंगलाला काही देतं का? न्यूयॉर्क शहरानं १९९७ मध्ये कॅट्सकिल डोंगरातल्या गावांशी करार केला. शहरानं पैसे द्यायचे, गावांनी पाणलोट सांभाळायचा. मोठा गाळण प्रकल्प बांधण्यापेक्षा ते स्वस्त पडलं. आपल्याकडे मध्ये राज्याची सीमा येते, म्हणून कोणी विषयच काढत नाही. पाणीपट्टीतला एक छोटा हिस्सा वरच्या ग्रामसभांना, वणवा रोखायला आणि चर सांभाळायला, असं का नाही?

कोराडीकर

मध्य प्रदेशातल्या गावाला नागपूरची पाणीपट्टी? इथं लोक आपल्या नळाचं बिल भरत नाहीत बाप्पा. पण कल्पना वाईट नाही. चौराईवरून भांडण्यापेक्षा स्वस्त पडेल.

वरुडचा_संत्रावाला

चराचं म्हणाल तं आमच्या टेकडीवर सलग समतल चर खणले होते. पहिल्या सालात खालच्या विहिरींले फरक पडला, खोटं कायले बोलू. मंग चरात माती भरली, कोणी काढली नाही, आता त्यात तरोटा उगवते. खणायले पैसे येतात, साफ करायले येत नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही पाचसहा बागवाले मिळून ते उपसायचं म्हणून राहिलो. डोंगरवाट भाऊ, चर उपसताना माती खालच्या अंगाले टाकायची का वरच्या?

डोंगरवाट

खालच्या अंगाला, भाऊ. आणि बांधावर गवत लावा, नाहीतर पहिल्याच पाण्यात ती परत चरात येते. उपसण्याआधी कोणत्या चराखालची विहीर आधी भरायची ते आठवून लिहून ठेवा, तिथूनच सुरुवात करा. सगळे एकदम धरू नका.